टॅक मारल्यावर बोट आडवी का सरकते?

टॅक मारला, म्हणजे बोटीचं नाक वाऱ्यातून पलीकडे वळवलं, जिब म्हणजे पुढचं छोटं शीड पलटलं, दोघं पलीकडच्या कडेवर जाऊन बसलो, शिडं भरली, सगळं नीट झालं आणि तरी बोट पुढे जायच्या ऐवजी आडवी सरकायला लागली. वाऱ्याखालच्या अंगाला, म्हणजे वारा ढकलतो त्या बाजूला, एक बार्ज नांगर टाकून उभी होती, आणि आम्ही हळूहळू तिच्याच दिशेने. मी काय केलं तर बोटीचं नाक अजून वाऱ्याकडे दाबलं, कारण बार्जपासून लांब जायचंय ना, मग वर दाबा. जितकं दाबलं तितकी बोट जास्त सरकली. जिबवर बसलेली पार्टनर ओरडत होती, "अरे सोड, सोड, आधी पळू दे तिला, मग वर घे!" टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, सैल सोडला, नाक थोडं खाली, म्हणजे वाऱ्यापासून लांब, आलं, दोन-तीन सेकंदांत बोटीने वेग पकडला आणि मग खरंच ती आपणहून वर चढायला लागली.

बार्जपासून लांब जायला आधी थोडं बार्जकडे तोंड करायचं, हे डोक्याला पटत नाही. ते पटायला बोटीच्या पोटातून खाली पाण्यात लटकणारी एक फळी समजून घ्यावी लागते, तिचं नाव सेंटरबोर्ड. माझं ठाम मत आहे की डिंगी शिकताना आपण शिडांवर जेवढा वेळ घालवतो त्याच्या पाव हिश्श्यानेसुद्धा या फळीचा विचार करत नाही, कारण ती पाण्याखाली असते, दिसतच नाही.

डिंगी म्हणजे एक-दोन माणसांची छोटी हलकी शिडाची बोट, आणि बऱ्याचदा क्लासचं, म्हणजे बोटीच्या प्रकाराचं, नाव लांबीवरूनच पडतं, म्हणजे फोर-सेव्हंटी म्हटलं की ४.७० मीटर, फोर-ट्वेंटी म्हटलं की ४.२० मीटर. मुंबईला हा खेळ जुना आहे, रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा, आणि १९८२ च्या एशियन गेम्सचं सेलिंग दिल्लीत थोडंच होणार, ते इथे आपल्याच पाण्यात झालं आणि फारूख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल क्लासमध्ये गोल्ड घेतलं. आज कुलाब्याच्या आर्मी यॉटिंग नोडमध्ये तयार झालेला विष्णू सरवणन दोन ऑलिंपिक खेळून आलाय आणि हांगझोच्या एशियन गेम्समध्ये ब्राँझ घेऊन आलाय. तरी गेटवेला फिरायला आलेल्या माणसाला ती पांढरी शिडं बघून एकच प्रश्न पडतो आणि तो अगदी बरोबर प्रश्न आहे, की वारा समोरून येतोय तर ही बोट वाऱ्याकडे जाते कशी?

अगदी नाकासमोरून येणाऱ्या वाऱ्यात कुठलीच शिडाची बोट जात नाही. ती साधारण ४५ अंशाच्या कोनात तिरकी जाते, मग टॅक मारून दुसरीकडे तिरकी, असं नागमोडी करत वर चढते. पण त्या कोनात शिडावर जो जोर येतो तो मुख्यतः आडवा असतो, पुढे ढकलणारा भाग त्यातला अगदी थोडा. हा आडवा जोर कोणीतरी झेलला नाही तर बोट खेकड्यासारखी बाजूला जाईल. आपल्या कोळ्यांच्या जुन्या शिडाच्या होड्यांना खाली पुढच्या नाळेपासून मागेपर्यंत लांब पठाण असायचं, म्हणजे होडीचा कणा, तो हे काम करायचा. रेसिंग डिंगीचा तळ मात्र मुद्दाम सपाट ठेवलेला असतो, कारण जोराच्या वाऱ्यात तिला पाण्यावर चढून घसरत पळायचं असतं. १९२८ साली इंग्लंडमध्ये उफा फॉक्सने ॲव्हेंजर नावाची डिंगी अशीच प्लेनिंगसाठी बनवली आणि तिथून या बोटींचा चेहराच बदलला. तळ सपाट झाला की आडवा जोर झेलायचं जवळपास सगळं काम त्या एका फळीवर येऊन पडतं.

आता जरा हिशोब करूया, कारण मला स्वतःला हा हिशोब केल्यावरच गोष्ट कळली. फोर-ट्वेंटीसारख्या बोटीची मेन (मागचं मोठं शीड) आणि जिब मिळून साधारण १० चौरस मीटर शिड धरा. बोर्ड पाण्यात १ मीटर खोल आणि २५ सेंटीमीटर रुंद, म्हणजे पाव चौरस मीटर. शिडाचा चाळिसावा भाग! एवढीशी फळी एवढ्या शिडाला पुरते कशी? कारण समुद्राचं पाणी हवेपेक्षा साडेआठशे पट जड असतं. वारा १२ नॉट, म्हणजे सेकंदाला ६ मीटर, आणि बोट सेकंदाला अडीच मीटर, एवढ्या साध्या दिवशी शिडावर साधारण २५ किलो वजनाएवढा जोर येतो, आणि तो झेलायला बोर्डला पाण्यात फक्त ४ अंश तिरकं चालावं लागतं.

हे ४ अंश महत्त्वाचे आहेत. बोर्ड दोन्ही बाजूंनी सारखा असतो, तो पाण्यात अगदी सरळ गेला तर आडवा जोर शून्य. म्हणून बोट नाक एकीकडे ठेवून किंचित दुसरीकडे सरकते, याला लीवे म्हणतात, आणि त्या सरकण्यामुळेच पाणी बोर्डवर तिरकं येतं आणि जोर तयार होतो. म्हणजे बोट थोडी सरकणारच, असा साधा बोर्ड असताना अजिबात न सरकणारी बोट वर चढूच शकत नाही. ४ अंश म्हणजे १ किलोमीटरमागे ७० मीटर, आणि रेसमध्ये ७० मीटर म्हणजे खूप झाले.

घरी करून बघायचं असेल तर बादलीत पाणी भरा आणि किचनमधलं रुंद पात्याचं उलथनं उभं धरून पाण्यातून ओढा. पातं सरळ धारेवर ओढलं तर काही नाही, अगदी जरासा कोन दिला की हात बाजूला खेचला जातो, आणि बराच जोरात. कोन वाढवत न्या, खेच वाढत जाते, आणि एका कोनानंतर अचानक पातं थरथरायला लागतं, मागे भोवरे दिसतात, बाजूची खेच ढिली पडते आणि फक्त मागे ओढणारा अडथळा उरतो. हे झालं स्टॉल. विमानाच्या पंखाचं जे होतं तेच.

आणि इथे एक जुना गैरसमज पण काढून टाकता येतो. शाळेत बऱ्याच जणांना शिकवलेलं असतं की पंखाचा वरचा भाग फुगीर म्हणून हवेला लांबचा रस्ता पडतो, ती पळत जाते, मग दाब कमी होतो, वगैरे. सेंटरबोर्डच्या दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या, दोन्ही रस्ते सारखे, तरी तो २५ किलोचा जोर देतो. खरं कारण असं की तिरका बोर्ड पाण्याच्या प्रवाहाला वळवतो, पाणी एकीकडे ढकललं गेलं की बोर्ड दुसरीकडे ढकलला जातो, न्यूटनचा तिसरा नियम. दाबातला फरक असतोच, पण तो या वळण्याबरोबर येतो, रस्त्याच्या लांबीमुळे नाही.

आता त्या बार्जकडे परत येऊ. बोर्डचा जोर वेगाच्या वर्गावर चालतो. टॅकमध्ये बोटीचा वेग अर्धा झाला की त्याच कोनाला जोर पाव होतो. शिडावरचा जोर मात्र शिडं भरल्याभरल्या बऱ्यापैकी परत आलेला असतो. मग बोर्डला तेवढाच जोर द्यायला चौपट कोन लागतो, ४ चे १६ अंश, आणि साधारण तिथेच किंवा त्याच्या आधीच बोर्ड स्टॉल होतो. म्हणजे त्या क्षणी माझ्या बोटीखाली पंख उरलाच नव्हता, पाण्यात आडवी ओढत नेलेली एक फळी होती. मी नाक वर दाबून वेग अजून कमी करत होतो, म्हणजे स्टॉल अजून पक्का करत होतो. पार्टनर म्हणत होती आधी पळू दे, कारण वेग आला की पाणी बोर्डला परत चिकटून वाहायला लागतं आणि बोट एकदम धरते. हे धरणं टिलरवर कळतं, आधी टिलर मेल्यासारखा असतो आणि मग त्यात जीव येतो.

बोर्ड खोल आणि अरुंद का बनवतात, चौकोनी का नाही? दादरच्या पुलावर गर्दी अडवायला बॅरिकेड लावलं की लोक त्याच्या टोकाला वळसा घालून पलीकडे जातात, पाणीही तेच करतं. बोर्डच्या एका अंगाला दाब जास्त, दुसऱ्या अंगाला कमी, मग पाणी खालच्या टोकावरून वळसा घालून पळतं, तिथे भोवरा तयार होतो आणि तो भोवरा फिरवायची सगळी ताकद बोटीच्या वेगातून जाते. वरच्या टोकाला बोटीचा तळच झाकण असतो म्हणून तिथून फारसं सुटत नाही. बोर्ड जितका खोल तितका वळसा घालणाऱ्या पाण्याचा वाटा कमी. लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञाने १९१८-१९ मध्ये याचं गणित विमानांसाठी मांडलं आणि ते आपल्या फळीला जसंच्या तसं लागू पडतं: बोर्ड २० टक्के आखूड केला तर तेवढ्याच जोरासाठी टोकाचा हा ड्रॅग, म्हणजे मागे ओढणारा अडथळा, दीडपटीपेक्षा जास्त होतो. मग २ मीटर खोल का नाही करत, तर लांब बोर्ड बोटीला जास्त आडवी पाडतो, मुळाशी वाकतो, आणि क्लासचे नियम असतातच.

आता बोर्डचा आडवा छेद. हा माझा आवडता भाग, कारण इथे हात लावून काम करता येतं. ससून डॉकला जाऊन एक बांगडा वरून बघा: पुढे गोलसर, थोड्या अंतरावर सगळ्यात जाड, मग शेपटीकडे लांब निमुळता होत गेलेला. बोर्डचा चांगला छेद असाच असतो. अमेरिकेच्या नाका (NACA) या विमान-संशोधन संस्थेने १९३३ मध्ये अशा छेदांची एक मोठी मालिकाच मोजून छापली, त्यातला ००१२ सगळ्यात प्रसिद्ध. पहिली दोन शून्यं म्हणजे दोन्ही बाजू सारख्या, १२ म्हणजे जाडी रुंदीच्या १२ टक्के, आणि सगळ्यात जाड जागा पुढून ३० टक्क्यांवर. २५ सेंटीमीटरच्या बोर्डला ३ सेंटीमीटर जाडी. "पाणी कापायचंय" म्हणून पुढची कड सुरीसारखी धारदार करणारे लोक मी पाहिलेत, आणि कृपया असं करू नका. धारदार कडेवर पाणी थोड्या कोनातच सुटतं आणि स्टॉल झटक्यात येतो. गोल नाक पाण्याला वळायला वेळ देतं. पातळ करायची ती मागची कड.

मी एका जुन्या बोटीचा बोर्ड दुरुस्त करायला घेतला होता, पुढच्या कडेला कुठेतरी आपटून खळगा पडलेला आणि कोणीतरी त्यात पुट्टी भरून तशीच उंचवट्यासकट सोडलेली. हाताला जेमतेम लागेल एवढा उंचवटा. पण बोर्डवरून वाहणारं पाणी सुरुवातीला अगदी शांत थरांनी वाहतं, आणि पुढच्या कडेचा असा खडबडीतपणा त्या थरांना लगेच विस्कटून टाकतो, मग पूर्ण रुंदीभर घर्षण वाढतं. म्हणून मेहनत पुढच्या भागावर घालायची. लाकडाच्या लांब ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून, पाणी लावत, आधी २२० मग ४०० मग ६००, आणि डोळे मिटून बोटं फिरवायची, डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटांना लागतं.

तो बोर्ड गुणगुणायचा पण. वारा वाढला, बोट ८ नॉटच्या आसपास गेली की खालून सलग "हूं" असा सूर. मागची कड ३ मिलिमीटर जाड आणि चौकोनी होती. अशा कडेमागे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून असे भोवरे सुटतात, थिओडोर फॉन कारमान यांच्या नावाने ते ओळखले जातात, आणि सेकंदाला किती सुटतील ते ढोबळमानाने वेगाला जाडीने भागून त्याचा पाचवा भाग घेतला की निघतं. सेकंदाला ४ मीटर, ३ मिलिमीटर, उत्तर येतं साधारण २७०. पेटीवरची पांढरी एक २६२ च्या आसपास असते, म्हणजे बोर्ड जवळजवळ त्याच सुरात होता! मागची कड एकाच बाजूने तिरकी घासली, दोन बाजूंचे भोवरे मग एकाच ताकदीने सुटत नाहीत, आणि सूर बंद झाला.

जास्त पुढे गेलेल्या क्लासेसमध्ये अजून युक्त्या आहेत. फाइव्ह-ओ-फाइव्हमध्ये जायबिंग बोर्ड असतो, त्याचं डोकं खाचेत असं बसवतात की बोर्ड दर टॅकला स्वतःच एक-दोन अंश वळतो, मग तिरकं फक्त बोर्ड चालतो आणि बोट सरळ. मॉथमध्ये तर बोर्डच्या खालच्या टोकाला आडवे पंख लावलेत आणि अख्खी बोट पाण्याच्या वर उडते.

वारा मागून असला की आडवा जोर जवळपास नसतोच, तेव्हा बोर्ड बराचसा वर ओढून घ्यायचा, फुकट घर्षण कशाला. खूप वारा असेल तर वर चढतानाही थोडा उचलायचा, बोट कमी कलंडते आणि टिलर हलका होतो, कारण खिट्टीवर फिरणारा बोर्ड उचलताना मागेही जातो. ऑप्टिमिस्ट किंवा लेझरचा डॅगरबोर्ड सरळ वरखाली सरकतो, तो असा मागे जात नाही. उधाणाच्या ओहोटीला पाणी चार मीटरपेक्षाही जास्त उतरतं तेव्हा किनाऱ्याजवळ हा फरक चांगलाच कळतो: फिरणारा बोर्ड चिखलाला लागला की मागे वळतो, डॅगरबोर्ड लागला की बोट जागीच थांबते आणि आपण पुढे जातो.

आणि एक खास आपल्या पाण्याची गोष्ट. बोट कारण नसताना मंद वाटायला लागली, टिलर थरथरायला लागला, टॅकनंतर कितीही पळवली तरी धरत नाहीये, तर ट्रिमला, म्हणजे शिडांच्या ताणाला, हात लावायच्या आधी बोर्ड पूर्ण वर घ्या आणि परत खाली सोडा. पाचातल्या तीन वेळा मागे पाण्यावर एक प्लास्टिकची पिशवी तरंगत वर येते.