ग्योताकू संच घेतलात? मासा आणण्याआधी हे वाचा

ग्योताकू म्हणजे माशाला शाई लावून, वर कागद दाबून त्याचा ठसा घ्यायची जपानी कला. ‘नुसता काळा डाग आलाय, खवले कुठेत?’ असे फोन रविवारी दुपारी हमखास येतात. दोष शाईचा नसतो. मासा साफ करून आणलेला असतो!

आपल्याला सवयच तशी. भाव ठरला की ‘मावशी, साफ करून द्या.’ मावशी सराईत हाताने खवले उडवते, पर छाटते, शेपटीचं टोक उडवते. ठशात उमटायचं ते सगळं तिथेच पाटीखाली गेलं. म्हणून पैसे देण्याआधीच सांगा, ‘काही कापू नका, आहे तसा द्या.’ ती हसेल, हसू दे.

मासा चिलापी घ्या, नाहीतर लहान रोहू. पापलेट चपटं म्हणून सोपं वाटतं, पण खवले इतके बारीक की ठसा सपाट येतो आणि पैसे उगाच जातात. चिलापीच्या पाठीचे काटे टोचतात, तेव्हा तो मोठ्यांनीच धुवावा. मीठ लावून बुळबुळ काढा, धुवा, खडखडीत पुसा. कल्ल्यांत आणि तोंडात टिश्यू कोंबा, नाहीतर ऐन वेळी पाणी सुटून शाई पसरते. शाईचा हात पातळच हवा. डोळा कोरा सोडा. ठसा वाळल्यावर तो बारीक कुंचल्याने रंगवायचा, जपानी रीतच आहे ती. कुणी रंगवायचा यावर मुलांची भांडणं होतात, ते तुम्ही बघा.

पहिला ठसा बहुधा गिचमिड येतो, दुसरा-तिसरा छान. त्यासाठीच संचात जादा कागद घालतो.

‘कागद एवढा महाग का?’ हा ‘वाशी’ नावाचा जपानी कागद आहे, कोझो झाडाच्या सालीच्या लांब तंतूंचा. पातळ असूनही चिवट, माशाच्या गोलाईवर नीट बसतो. ड्रॉइंगचा कागद ताठ, त्याला चुण्या पडतात. जपानी गळकरी आपल्या मोठ्या माशाची नोंद म्हणून असे ठसे घेत; त्सुरुओका शहरात १८३९ सालचा ठसा अजून जपून ठेवलेला आहे. स्वस्तातला कागद आम्ही मुद्दामच ठेवत नाही.

ठसे झाल्यावर कालवण? नको. जपानात शाई धुऊन मासा खात असत, पण आमची शाई खाण्यासाठी नाही, आणि मासा तासभर टेबलावर पडलेला असतो. जेवणासाठी वेगळा घ्या.

घरात मासे चालत नसतील तर खवल्यांचा रबरी मासा आमच्याकडे मिळतो. साबणाने धुतला की पुन्हा वापरता येतो. वाढदिवसाला बरीच मुलं असतील तर दोन घ्या, म्हणजे रांग लागत नाही.