बीडीडीच्या चाव्या आता मिळाल्या, पण हिशोब प्लेगपासून सुरू आहे

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या (इंग्रजांच्या काळात सरकारने कामगारांसाठी बांधलेल्या) ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० स्क्वेअर फुटांच्या खोलीतून थेट ५०० फुटांचं घर, तेही फुकट, आणि लगेच व्हॉट्सअपवर सुरू झालं की आमच्या टॅक्सच्या पैशातून यांना घरं का म्हणून? प्रश्न चुकीचा नाही पण अर्धवट आहे. कारण मुंबईच्या मध्यभागात सरकारने आधी पैसा घालायचा आणि मग तो जमिनीतून वसूल करायचा हा फॉर्म्युला म्हाडाने, म्हणजे आज या चाळींचा पुनर्विकास करणाऱ्या राज्याच्या गृहनिर्माण संस्थेने, काढलेला नाहीच, तो सव्वाशे वर्षं जुना आहे.

सुरुवात प्लेगची. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये गोदीजवळच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस (मूळचे गोव्याचे) यांनी पहिली केस ओळखली, मग लोक शहर सोडून पळाले, गिरण्यांना माणसं मिळेनात आणि धंदा बसायला लागला तेव्हा कुठे सरकार हललं. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. सरकार आणि पालिकेने आपल्या मोकळ्या जमिनी ट्रस्टकडे दिल्या, ट्रस्टने कर्ज काढायचं, दाटीवाटीच्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढायचे आणि प्लॉट लीजवर देऊन कर्ज फेडायचं. समुद्राचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट काढला, सँडहर्स्ट रोड काढला. रस्ते झकास झाले, त्यात वाद नाही. पण ज्यांची घरं पाडली ते जाणार कुठे, शेजारच्या गल्लीतच ना, त्यामुळे तिथे आणखी गर्दी. ट्रस्टने थोड्या चाळीही बांधल्या, त्या बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळी. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब आंबेडकर बरीच वर्षं राहिले.

पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई इतकी वाढली की गव्हर्नर जॉर्ज लॉइडने १९२० मध्ये वेगळं खातंच काढलं, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे आपलं बीडीडी. याच्याकडे दोन मोठी कामं होती. एक, बॅकबेला (आजच्या मरीन ड्राइव्हकडचा किनारा) समुद्र हटवून ११४५ एकर जमीन तयार करून विकायची, आणि दुसरं, कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या. पैसा कर्जाऊ, आणि खोल्यांचा तोटा भरून काढायला शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे १ रुपया कर. कागदावर बघा किती छान बसतंय सगळं.

प्रत्यक्षात भरावाचा खर्च हाताबाहेर गेला, जमिनीचे भाव पडले, काँग्रेसचे नेते आणि वकील के. एफ. नरिमन यांनी खात्यातल्या गडबडींवर इतकी झोड उठवली की त्यांच्यावर अब्रुनुकसानीची केस झाली आणि त्यातून ते निर्दोष सुटले. लोक या प्रकल्पाला लॉइडचा मूर्खपणा म्हणायचे. आज त्याच भरावावर मरीन ड्राइव्ह आहे, पण ती पुढची गोष्ट.

खोल्या ५० हजारांऐवजी साडेसोळा हजारांच्या आसपास झाल्या. चाळी २०७ : वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला म्हणजे ना. म. जोशी मार्गाला ३२ आणि शिवडीत १२. सगळ्या एकाच साच्यातल्या, तळमजला अधिक तीन मजले, मधोमध अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा दहा खोल्या, संडास कॉमन. खोलीत मोरी, वर पोटमाळा आणि त्यात अख्खं कुटुंब, कधी तर एकाच गावची गावकीची खोली, कोकणातून आलेले गडी पाळीप्रमाणे झोपायचे, एक कामावरून आला की दुसरा निघाला. गंमत म्हणजे सुरुवातीला वरळीच्या चाळी भरतच नव्हत्या, कारण तेव्हा वरळी आडबाजूला, गिरणीपासून लांब. १९३० च्या कायदेभंगात त्यातल्या काही चाळी सरकारने चक्क तुरुंग म्हणून वापरल्या.

स्वातंत्र्यानंतर १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, खाजगी मालकांनी दुरुस्ती सोडून दिली, इमारती पडायला लागल्या आणि १९६९ मध्ये उपकर लावून दुरुस्ती मंडळ आलं. बीडीडीला मालक सरकारच, त्यामुळे इथे पीडब्ल्यूडी डागडुजी करत राहिलं.

खरी कलाटणी गिरण्यांनी दिली. १९८२ चा गिरणी संप, मग गिरण्या बंद पडत गेल्या आणि १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे, मोकळी जागा, म्हाडा आणि मालक. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची करायची असं ठरलं, म्हणजे लोकांच्या वाट्याला जे यायचं ते आटलं. माझ्या मते इथेच मोठी चूक झाली. पण त्यातून लोअर परळ-वरळीत टॉवर उभे राहिले, भाव आभाळाला भिडले, आणि शंभर वर्षांपूर्वी जे गणित लॉइडला जमलं नव्हतं ते अचानक जमायला लागलं. रहिवाशांना फुकट घर, उरलेल्या जागेवर विक्रीच्या इमारती, खर्च त्यातून वसूल. एप्रिल २०१७ मध्ये वरळीच्या जांबोरी मैदानावर देवेंद्र फडणवीसांनी भूमिपूजन केलं, ऑगस्ट २०२१ मध्ये उद्धव ठाकरेंनी वरळीत पुन्हा नारळ फोडला (आपल्याकडे एका कामाला एक नारळ पुरत नाही).

तेव्हा फुकट घराचे पैसे थेट टॅक्समधून जात नाहीत, पण जमीन सरकारी म्हणजे सगळ्यांचीच, आणि फ्लॅट विकेपर्यंत ठेकेदारांची बिलं म्हाडाने भागवायची, म्हणजे भाव पडले तर खड्डा सरकारी तिजोरीलाच. चाळीत वर्षानुवर्षं राहणाऱ्या पोलीस कुटुंबांना घर फुकट नाही, त्यांना आधी ५० लाख सांगितले, मग २५, शेवटी १५ लाखांवर आले. आणि शिवडीच्या १२ चाळींचं घोडं अजून अडलेलंच, कारण ती जमीन पोर्ट ट्रस्टची म्हणजे केंद्राची, आणि तिथे राज्याने कितीही नारळ फोडले तरी दिल्लीने हो म्हटल्याशिवाय वीट हलत नाही.