गो-वेन्ट-गॉन कुठून आलं?

सोलापुरात मराठी माध्यमातून शिकलेल्या कुणालाही विचारा, इंग्रजीचा तास म्हटलं की आधी क्रियापदांचे तक्ते आठवतात. गो-वेन्ट-गॉन, सिंग-सँग-संग, कट-कट-कट. पूर्वी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं, २००० सालापासून ते पहिलीत आलं, पण तक्ते घोकायची रीत काही सुटली नाही. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि एक रास्त प्रश्न मनातच राहतो: भूतकाळाला ईडी लावायचा हा नियम, तर रोजच्या वापरातलीच क्रियापदं तो का पाळत नाहीत? याचं उत्तर आहे, आणि ते वर्गात सांगितलं जात नाही याची मला खंत वाटते.

इंग्रजी ही जर्मन, डच यांच्याच जर्मॅनिक कुळातली भाषा. या कुळात भूतकाळ करायच्या दोन रीती. जुनी रीत म्हणजे शब्दाच्या पोटातला स्वर बदलायचा: ड्रिंक-ड्रँक-ड्रंक. ही रीत इंग्रजीहूनही फार जुनी आहे. संस्कृत आणि इंग्रजी ज्या मूळ भाषेतून आल्या तिथपर्यंत तिची मुळं जातात. आपल्या पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे या जोड्यांत तोच स्वरबदल दिसतो, फक्त आपण तो काळासाठी वापरत नाही. दुसरी रीत म्हणजे शेवटी ड किंवा ट लावायचा. हा प्रत्यय म्हणजे ‘डू’ या क्रियापदाचंच झिजलेलं रूप असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. याकोब ग्रिम या जर्मन भाषापंडिताने १८१९ मध्ये पहिल्या गटाला सबळ आणि दुसऱ्याला दुर्बळ असं नाव दिलं.

पण जिंकला तो दुर्बळ गट. १०६६ मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतल्यावर फ्रेंच शब्दांचा लोंढा आला आणि जवळजवळ प्रत्येक नव्या क्रियापदाने ईडीच घेतला. जुनीही हळूहळू तिकडे वळली. ‘हेल्प’चा भूतकाळ एके काळी ‘होल्प’ होता, तो ‘हेल्प्ड’ झाला. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात २००७ साली आलेल्या एका अभ्यासात जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं तपासली होती, त्यांतली आज ९८ च अनियमित उरली आहेत. जे क्रियापद तोंडात जास्त, ते जास्त टिकलं. म्हणून तर बी, हॅव, डू, गो, से ही सगळी तक्त्यात आहेत. जे रोज कानावर पडतं त्याचं जुनं रूप विसरायला वावच मिळत नाही.

‘कीप-केप्ट’, ‘मीट-मेट’ हे मूळचे दुर्बळ गटातलेच. प्रत्ययामुळे आधीचा स्वर आखूड झाला, इतकंच. ‘सेट’सारख्या शब्दाच्या शेवटी आधीच ट होता, प्रत्यय त्यातच विरून गेला.

आपल्याकडची मुलं ‘वॉक्ड’ऐवजी ‘वॉकेड’ वाचतात आणि वर्गात हशा पिकतो. वास्तविक काही शतकांपूर्वी इंग्रज स्वतः हा ‘एड’ वेगळा उच्चारत. बोलण्यातून तो गेला, लिहिण्यात राहिला. कोर्टात वकील समोरच्या वकिलाला ‘माय लर्नेड फ्रेंड’ म्हणतात, त्यात तो जुना उच्चार अजून ऐकू येतो. त्या मुलाला हसण्याऐवजी हे सांगावं.

‘गो’ची गोष्ट आणखी वेगळी. त्याचा स्वतःचा जुना भूतकाळ मागे पडला आणि ‘वेन्ड’ या दुसऱ्याच क्रियापदाचा ‘वेन्ट’ पंधराव्या शतकाच्या सुमारास त्या जागी बसला. मराठी मुलाला हे अवघड वाटायचं कारण नाही. आपलं ‘जाणे’ संस्कृतातल्या ‘या’ धातूचं आणि ‘गेला’ ‘गम्’ धातूच्या ‘गत’वरून आलेलं. आपणही दोन क्रियापदांतून एक संसार उभा केला आहे.

भविष्यकाळाचं तर मुळातच वेगळं. ‘करीन, करशील, करील’ यासारखी रूपं इंग्रजीत कधीच नव्हती. जुन्या इंग्रजीत दोनच काळ: भूत आणि वर्तमान. उद्याचं सांगायचं तर वर्तमानच वापरायचे, जसं आपण ‘उद्या येतो’ म्हणतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत ‘चेस्तानु’ म्हणजे ‘मी करतो’ आणि ‘मी करीन’ दोन्ही. बोलीतल्या कन्नडचंही तसंच. त्या घरांतल्या मुलांना ही गोष्ट आईच्या भाषेतूनच ठाऊक असते, कुणी तिकडे बोट दाखवलं तर.

पुढे इंग्रजीने दोन क्रियापदं मदतीला घेतली. ‘विल’ म्हणजे मूळचं इच्छा असणे आणि ‘शॅल’ म्हणजे देणं लागणे, बांधील असणे. ‘आय आणि वी ला शॅल, बाकी सगळ्यांना विल’ हा आपण घोकलेला नियम जॉन वॉलिस यांनी १६५३ मध्ये लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला. हे वॉलिस ऑक्सफर्डचे गणिती. अनंताचं आडव्या आठासारखं चिन्हही त्यांचंच. लोकांच्या बोलण्यात हा नियम कधीच पुरता चालला नाही, अमेरिकेत तर ‘शॅल’ क्वचितच ऐकू येतो. बोलताना आता ‘गोइंग टू’ची चलती आहे. ‘शॅल’ टिकला तो कायद्यात. इंग्रजीतली एखादी निविदा उघडून पाहा: कंत्राटदाराने काय करायचं ते ‘शॅल’ने लिहिलेलं असतं, आणि तिथे त्याचा अर्थ भविष्यकाळ नसून बंधन हाच असतो.