‘सोडा’ म्हणणारे आणि ‘धाडा’ म्हणणारे

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अमेरिकेबद्दल वाचताना एक घोळ हमखास होतो. गुलामगिरीच्या विरोधातल्या संस्था म्हणून अमेरिकन कोलोनायझेशन सोसायटी आणि अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटी ही दोन नावं एका दमात घेतली जातात. दोन्हींकडे पाद्री होते, दोन्हींकडे वर्गण्या आणि प्रार्थना होत्या. पण एकीचं म्हणणं ‘गुलामांना सोडा’, तर दुसरीचं ‘सुटलेल्यांना धाडा’. कुठे? आफ्रिकेला.

धाडणारे, म्हणजे कोलोनायझेशन सोसायटीवाले, आधीचे. डिसेंबर १८१६ मध्ये वॉशिंग्टन शहरात ही संस्था उभी राहिली. बैठकीला हेन्री क्लेसारखे बडे राजकारणी होते, आणि गुलामगिरीच्या प्रश्नाला हात लावायचा नाही हे त्यांनी तिथेच सांगून टाकलं. स्वतः क्ले गुलाम बाळगून होते. पहिले अध्यक्ष बुशरॉड वॉशिंग्टन, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन यांचे पुतणे आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. त्यांनी अध्यक्षपदावर असतानाच, १८२१ मध्ये, माउंट व्हर्ननवरचे ५४ गुलाम लुइझियानात विकले! सभासदांत गुलामगिरीचा मनापासून तिटकारा असलेलेही होते, नाही असं नाही. पण दोघांचं एका गोष्टीवर जमायचं: मोकळा झालेला काळा माणूस आपल्या शेजारी नको.

१८२० मध्ये ‘एलिझाबेथ’ जहाज पहिली तुकडी घेऊन निघालं. तिकडे पोचल्यावर तापाने कितीतरी माणसं गेली. पुढे त्याच किनाऱ्यावर लायबेरिया उभा राहिला आणि १८४७ मध्ये स्वतंत्र झाला. यादवी युद्धापर्यंत पाठवली गेलेली माणसं जेमतेम बारा-तेरा हजार, तर १८६० च्या जनगणनेत गुलाम जवळपास ४० लाख. हिशेब कधी जुळणारच नव्हता.

ज्यांना धाडायचं होतं, त्यांचं मत? जानेवारी १८१७ मध्ये फिलाडेल्फियातल्या बेथेल चर्चमध्ये सुमारे तीन हजार काळी माणसं जमली. अध्यक्षस्थानी जेम्स फोर्टेन. जहाजांची शिडं बनवणारे यशस्वी कारखानदार, पोरवयात इंग्रजांविरुद्ध लढलेले. त्यांना स्वतःला ही कल्पना काहीशी पटली होती. जायला कोण तयार, असं विचारलं तर चिडीचूप. विरोधात कोण, म्हटल्यावर असा एकच ‘नाही’ उठला की भिंती कोसळतात की काय असं फोर्टेनना वाटलं. आमच्या बापजाद्यांनी ही जमीन कसली, आम्ही का जायचं? आणि दक्षिणेतल्या गुलाम भावंडांना मागे सोडून?

सोडणाऱ्यांची चळवळ या ‘नाही’तून वर आली, असं माझं मत. गोरे पत्रकार विल्यम लॉइड गॅरिसन यांचं नाव पुढे येतं, पण १८२९ पर्यंत तेही धाडणाऱ्यांच्याच व्यासपीठावर होते. त्यांचं मन वळवण्यात काळ्या कार्यकर्त्यांचा मोठा वाटा. १ जानेवारी १८३१ ला त्यांचं ‘लिबरेटर’ साप्ताहिक सुरू झालं, आणि पहिला अंक निघण्याआधीच फोर्टेननी सत्तावीस वर्गणीदारांचे पैसे पाठवले होते. १८३३ मध्ये फिलाडेल्फियातच अँटी-स्लेव्हरी सोसायटी स्थापन झाली. मागणी साधी आणि त्या काळाला भयंकर: ताबडतोब मुक्ती, मालकाला भरपाई नाही, देशाबाहेर पाठवणी नाही. १८३५ मध्ये बोस्टनच्या जमावाने गॅरिसनना दोर बांधून रस्त्यातून ओढलं. गुलामगिरी नसलेल्या उत्तरेतलं बोस्टन, बरं का.

म्हणून त्या काळातला कुणी पुढारी गुलामगिरीला नावं ठेवताना दिसला की लगेच खूष होऊ नये. सुटलेल्या माणसाने राहायचं कुठे, हे त्याला विचारावं. लिंकन यांनाही हा प्रश्न अडचणीचाच गेला असता. ऑगस्ट १८६२ मध्ये त्यांनी काळ्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून देश सोडण्याचाच सल्ला दिला होता, आणि सप्टेंबरच्या गुलाममुक्तीच्या प्राथमिक जाहीरनाम्यातही पाठवणीचा उल्लेख होता. १ जानेवारी १८६३ च्या अंतिम जाहीरनाम्यात तो नाही. तिथे आहे मुक्त झालेल्यांना सैन्यात घेण्याची तरतूद.