दोन चुलींचा हिशेब

गेल्या श्रावणात आमच्या घणसोलीच्या इमारतीत सत्यनारायण होता. प्रसाद खाताखाता शेजारचे काका खिडकीतून खाली नाक्याकडे बघत म्हणाले, "आम्हीपण पाठीवर गोणीच वाहिली की. पण पोरं शिकवली, घर केलं. ही माणसं पंधरा-वीस वर्षं झाली, आहेत तिथंच उभी." काका मूळचे साताऱ्याच्या पाटण तालुक्यातले. सुरुवातीची वर्षं मशीद बंदरला, पुढे तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. खाली कामाच्या प्रतीक्षेत उभे असलेले बिगारी आणि मिस्त्री बहुतेक मराठवाड्यातले, काही विदर्भातले आणि कलबुर्गीकडचे. काकांच्या आवाजात हिणवणं नव्हतं, त्यांना खरोखर नवल वाटत होतं. माझे वडील त्यांच्याच टोळीत होते आणि मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून भिडला. दोन समाज, दोन्ही गावाकडून रिकाम्या हातानं आलेले, दोघांनीही अंगमेहनत विकली. एक पुढे गेला आणि दुसरा राहिला, असं म्हणायचं तर ते मोजायचं कसं?

'स्थलांतरित' या शब्दानं फारसं काही हाती लागत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून अधिक माणसं स्थलांतरित ठरली, कारण आधीचं राहण्याचं ठिकाण वेगळं असलं की माणूस त्या यादीत जातो. त्यात लग्न करून दुसऱ्या गावी गेलेल्या बायकांची संख्या प्रचंड आहे. नेरूळहून लग्न होऊन कल्याणला गेलेली माझी मावशीही त्यात आलीच.

खरी गोम पुढे आहे, घर कशाला म्हणायचं यात. आपल्याकडच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंबाची व्याख्या फार सुंदर आहे: एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. म्हणजे एक चूल, एक घर. उत्पन्न विचारलं की लोक हात आखडता घेतात, म्हणून ही पाहणी मुख्यतः खर्च विचारते आणि तो चुलीवरच्या माणसांत वाटते. २०२३-२४ च्या पाहणीत शहरी भागात दरडोई मासिक खर्च सरासरी ६,९९६ रुपये निघाला, ग्रामीण भागात ४,१२२. या आकड्यांबद्दल मला आदर आहे. पण ज्या माणसाची चूलच दुभंगलेली आहे, त्याच्यासमोर ही व्याख्या अडखळते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आकडे मी गणितासाठी धरले आहेत, कुठल्या पाहणीतले नाहीत. एका माथाडी कुटुंबात पाच माणसं आहेत: नवरा, बायको, म्हातारी आई आणि दोन लहान मुलं. कमावणारा एक, महिना ३५,००० रुपये. दरडोई ७,०००. दुसरीकडे नाक्यावरच्या पाच जणांनी मिळून एक खोली भाड्यानं घेतली आहे, जेवण एकत्र शिजतं. प्रत्येकाला रोज ७५० रुपये मिळतात आणि महिन्यातले सरासरी २० दिवस काम लागतं, बाकीचे खाडे. म्हणजे माणशी १५,०००, खोलीचे ७५,०००. पाच माणसं, पाच कमावते, दरडोई १५,०००. पाहणी करणारी मुलगी वही घेऊन आली तर नाक्यावरची खोली माथाडी घराच्या दुपटीहून सुखवस्तू दिसेल. तिनं नियमाप्रमाणेच मोजलेलं असेल.

त्या खोलीत लहान मूल नाही, म्हातारं माणूस नाही. ती सगळी गावी आहेत. पाचांपैकी प्रत्येकाच्या मागे परभणी किंवा नांदेडकडे चार माणसांची एक चूल पेटते आणि तिची मोजणी वेगळ्या पानावर, वेगळ्या गावाच्या नावाखाली होते. दोन्ही पानं जोडली की त्याच १५,००० रुपयांत पाच माणसं आली, दरडोई ३,०००. दुपटीनं पुढे असलेला माणूस निम्म्याहूनही खाली आला आणि त्याच्या खिशात एका रुपयाचाही फरक पडलेला नाही.

याच्याही पुढे एक पायरी आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाच माणसं एकत्र राहिली की खर्च पाचपट होत नाही. गॅस, भाडं, दिवा, कुकर सगळ्यांत वाटला जातो. हे धरण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ माणसं मोजताना वजनं लावतात. श्रीमंत देशांत रूढ असलेली एक पद्धत घरातल्या पहिल्या प्रौढाला १, चौदा वर्षांवरच्या पुढच्या प्रत्येकाला ०.५ आणि त्याखालच्या मुलाला ०.३ असं वजन देते. आपल्या माथाडी घराची बेरीज होते २.६. म्हणजे ३५,००० ला पाचानं न भागता २.६ नं भागायचं, येतात सुमारे १३,५००. एकट्या माणसाला तेवढेच हातात पडले असते तर तो जसा राहिला असता, तशी या घरातली राहणी, असा त्याचा अर्थ.

आता नाक्यावरच्या एका माणसाचं तेवढंच कुटुंब घेऊ, पण दोन ठिकाणी. इकडे तो एकटा, वजन १. तिकडे आईला १, बायकोला ०.५, दोन मुलांचे ०.६, मिळून २.१. एकूण ३.१. माणसं तीच पाच, पण चूल फुटल्याबरोबर वजन २.६ वरून ३.१ वर गेलं. १५,००० रुपयांत एका चुलीवर सुमारे ५,८०० ची राहणी मिळाली असती, दोन चुलींवर ती ४,८०० ची उरते. तेवढीच राहणी टिकवायची तर त्याला महिन्याला सुमारे २,९०० रुपये जास्त मिळवावे लागतील. ७५० च्या रोजानं जवळजवळ चार दिवसांची मजुरी. रोज पाचशे धरा किंवा हजार, महिन्याला २० दिवस काम असेल तर हे चार दिवस तेवढेच राहतात. कुटुंब एकत्र नाही, एवढ्याच कारणासाठी महिन्याचे चार दिवस.

हा हिशेब कच्चा आहे, हे मला मान्य आहे. खोलीतले पाच जण भाडं वाटून घेतात आणि गावी घर स्वतःचं असतं, म्हणून तोटा काहीसा भरून निघतो. वजनंही परदेशी घरांचा विचार करून ठरलेली आहेत. आपल्या गरीब घरात खर्चाचा मोठा भाग धान्याचा आणि तेलाचा असतो, भाकरी काही वाटून अर्धी होत नाही. पण दिशा चुकत नाही, फुटलेली चूल महाग पडते. शिवाय मूल आजारी पडल्यावर बाप सहाशे किलोमीटर लांब असतो, याला कुठलंच वजन लागत नाही.

चुलीनंतर प्रश्न येतो वर्षांचा. समजा क्ष आणि य असे दोन समाज आहेत. दहा वर्षांच्या आत आलेल्यांत क्ष समाजाचा माणूस १८,००० मिळवतो, य चा १७,०००. वीस वर्षं झालेल्यांत क्ष चा ३४,०००, य चा ३२,०००. दोन्हीकडे क्ष पुढे. पण क्ष मध्ये शंभरातले ८० जण नवे आहेत आणि य मध्ये फक्त ३०. सरासरी काढली की क्ष चे २१,२०० येतात आणि य चे २७,५००. प्रत्येक गटात पुढे असलेला समाज एकूणात मागे पडला. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. वर्गात हे फळ्यावर मांडलं की मुलं आधी माझी बेरीज तपासतात.

जुन्या आणि नव्या माणसांची तुलना करताना मोठे अभ्यासकही फसले आहेत. बॅरी चिस्विक यांनी १९७८ मध्ये अमेरिकेच्या जनगणनेवरून दाखवलं, की बाहेरून आलेला माणूस सुरुवातीला कमी कमावतो, पण दहा-पंधरा वर्षांत स्थानिकाला गाठतो आणि पुढेही जातो. १९८५ मध्ये जॉर्ज बोर्हास यांनी त्यावर बोट ठेवलं. एकाच जनगणनेत वीस वर्षांपूर्वी आलेला आणि काल आलेला अशी दोन वेगळी माणसं शेजारीशेजारी दिसतात. कालचा माणूस वीस वर्षांनी आजच्या जुन्या माणसासारखा होईल, हे आपण गृहीत धरतो. आलेल्यांची जातकुळीच मधल्या काळात बदलली असेल तर? आणि ज्यांना जमलं नाही ते परत गेले असतील तर? घणसोलीत आज भेटणारा जुना माथाडी हा टिकलेला माथाडी आहे. ज्यांची पाठ गेली, ज्यांना मार्केट झेपलं नाही, ते केव्हाच गावी गेले. आमच्या सरासरीत ते नाहीत.

कोण निघतं, यावरही बरंच ठरतं. न्यू जर्सीतल्या भाच्याचं कौतुक आमच्याकडे प्रत्येक घरात आहे, ते असावंच. प्यू संशोधन केंद्रानं दिलेल्या २०१९ च्या आकड्यांनुसार अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या घरांचं मधलं उत्पन्न वर्षाला सुमारे १ लाख १९ हजार डॉलर होतं, बर्मी वंशाच्या घरांचं ४४ हजारांच्या आसपास. मधलं म्हणजे सगळी घरं उत्पन्नानुसार ओळीत लावली की मधोमध येणाऱ्या घराचं. यावरून भारतीय बुद्धीचे गोडवे गाणं सोपं आहे. पण १९६५ च्या स्थलांतर कायद्यानं आणि नंतरच्या कामाच्या व्हिसानं अमेरिकेनं आपल्यातले पदवीधर वेचून घेतले, तर बर्मी माणसं मोठ्या संख्येनं निर्वासित छावण्यांमधून गेली. एकाची निवड परीक्षेनं झाली, दुसऱ्याची बंदुकीनं. कल्याणजवळच्या ज्या लष्करी छावणीला १९४९ मध्ये उल्हासनगर नाव मिळालं, तिथं वसलेल्या सिंधी निर्वासितांची गोष्ट आणखी निराळी. तिथं अख्खा समाजच उठून आला, व्यापारी, कारकून, शिक्षक सगळे. मालमत्ता मागे राहिली, व्यापाराची रीत आणि नाती सोबत आली.

मग काकांच्या प्रश्नाला उत्तर कसं द्यायचं? यासाठी एक पद्धत आहे, तिचा पाया इव्हलिन किटागावा यांनी १९५५ मध्ये घातला. १९७३ मध्ये ॲलन ब्लाइंडर आणि रोनाल्ड वाहाका या दोघांनी ती स्वतंत्रपणे मजुरीला लावली. कल्पना अदलाबदलीची आहे. दोन समाजांत १०,००० रुपयांचा फरक आहे. दुसऱ्या समाजाला पहिल्याएवढं शिक्षण, वय आणि शहरातली वर्षं कागदावर देऊन बघायची. समजा त्यानं ६,००० भरून निघाले. उरलेल्या ४,००० चं कारण या गुणांत नाही. लोक या उरलेल्या भागाला घाईनं भेदभाव म्हणतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे स्वभाव म्हणतात. तो असतो आपण न मोजलेल्या गोष्टींचा ढीग, आणि त्यात हात घालून बघावं लागतं.

माथाडी आणि नाका यांच्या बाबतीत त्या ढिगात मला एक कायदा सापडतो. १९६९ पूर्वी हमालाला ठरलेला मालक नव्हता. आज या व्यापाऱ्याची गाडी, उद्या त्याची. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या चळवळीमुळे १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा आला आणि त्यानं बोर्ड नावाची गोष्ट मधे आणली. व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीच्या ठरावीक टक्क्यांची रक्कम, बोर्डात भरतो, बोर्ड कामगाराला पगार देतं आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी चालतं. मालक रोज बदलला तरी हिशेबाची वही एकच राहिली. त्या वहीवर कर्ज मिळालं, पुढे वसाहती झाल्या, आणि ज्याच्या घराला भाडं नाही त्याचे ३५,००० हे भाडेकरूच्या ३५,००० पेक्षा पुष्कळ मोठे असतात.

नाक्यावरच्या माणसासाठीही १९९६ मध्ये बांधकाम कामगार कायदा आला. बांधकामखर्चावर एक टक्का उपकर घेऊन कल्याण मंडळ चालतं. मात्र नोंदणीसाठी आधीच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ज्याचे नव्वद दिवस चाळीस ठेकेदारांत वाटले गेले आहेत, त्याला तो दाखला कोण देणार? काम दोघांचं सारखंच, मालक बदलण्याची रीतही सारखीच. एकाची वही बोर्डानं ठेवली, दुसऱ्याला ती स्वतः जमवायला सांगितली आहे. म्हणून आजच्या माथाड्याशेजारी आजचा नाका कामगार उभा करणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्याशेजारी उभा करायचा तो १९६८ सालचा हमाल.

हे सगळं मी एका कागदावर मांडून काकांकडे नेलं. कायद्याचा भाग त्यांना माझ्याहून चांगला माहीत होता, त्यांनी तो भरभर उलटला. २.६ आणि ३.१ जवळ मात्र त्यांचं बोट थांबलं. तो हिशेब त्यांनी मला दोनदा समजावून सांगायला लावला. मग म्हणाले, "मशीद बंदरला आमच्या गावकीची खोली होती. आम्ही चौदा माणसं, पाळीपाळीनं झोपायचो. तुझी काकू पाटणला. माझ्यापण दोन चुलीच होत्या, सोळा वर्षं." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "महिन्याचे चार दिवस म्हणतेस. सोळा वर्षांचे किती झाले?"

कागदाच्या कडेला मी गुणाकार केला. ७६८ दिवस.