बांबू झाड की गवत? विदर्भातल्या जंगलाच्या कमाईची पार्श्वभूमी

मे महिन्यात गडचिरोलीतल्या धानोरा-कुरखेड्याकडच्या एखाद्या गावात भल्या पहाटे गेलात, तर धडधाकट माणूस घरी सापडणं कठीण. सगळे तेंदूच्या पानावर, म्हणजे विडीची पानं तोडायला गेलेले. ऊन चढायच्या आत पानं तोडून घरी आणायची, आणि मग अंगणातल्या सावलीत आख्खं घर पुडके बांधायला बसतं. एका पुडक्यात सत्तर पानं. बोलता बोलता म्हातारीची बोटं पान लावत जातात आणि न मोजता बरोबर सत्तरावर थांबतात. संध्याकाळी हे पुडके फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी न्यायचे, उघड्या माळावर ओळीने वाळत मांडायचे आणि मुन्शीकडून मोजून कार्डावर लिहून घ्यायचे. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा, पण खरिपाचं बियाणं, पोरांची वह्या-पुस्तकं आणि लग्नाचं देणं त्याच्यावरच निघतं.

या पानाला भाव कोण ठरवतो, पैसा कुठे जातो, हे आजचे प्रश्न दीडशे वर्षं मागे जाऊन पाहिल्याशिवाय उलगडत नाहीत.

विदर्भ म्हटला की बाहेरच्या माणसाला कापूस आठवतो. तो पश्चिमेचा विदर्भ, म्हणजे वऱ्हाड. काळी कसदार माती, पाऊस बेताचा. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं, पुढच्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि कापसाखालची जमीन वाढत गेली. मेळघाटचे डोंगर सोडले तर तिकडे जंगल फारसं उरलं नाही. वर्धा नदी ओलांडून पूर्वेला यावं तसा पाऊस वाढतो, वैनगंगेच्या खोऱ्यात धान येतं, आणि शेत संपतं तिथे साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबूचं पानझडी जंगल सुरू होतं. गडचिरोली जिल्ह्याचा दोनतृतीयांशाहून जास्त भाग आजही वनाखाली आहे. इथल्या माणसाने एका पिकावर कधीच संसार केला नाही. चैतात मोह, वैशाखात तेंदू, पावसाळ्यात धान. धिवर समाज मासेमारीच्या जोडीला ऐनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या कोशाचे किडे पाळायचा, बुरूड बांबूची सुपं, टोपल्या आणि तट्टे विणायचा. जंगल हे या भागाचं दुसरं शेत होतं, फक्त त्याचा सातबारा नव्हता.

तोच कळीचा मुद्दा ठरला. १८६४ साली वनखातं स्थापन झालं, १८६५ ला पहिला वन कायदा आला आणि १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलांची पकड घट्ट केली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली होती. रुळांना स्लीपर हवे होते, इमारतींना लाकूड हवं होतं. आलापल्ली-बल्लारपूरच्या सागाचं नाव तेव्हापासूनचं. सरकारच्या वहीत साग ही संपत्ती झाली, आणि मोह, चारोळी, डिंक, मध यांच्यावर लिहिलं गेलं ‘गौण वनोपज’. ज्यावर हजारो चुली पेटत होत्या त्याला गौण म्हणणं हा शब्द मला आजही खटकतो.

राखीव जंगलाबाहेर मालगुजार (गावाचा सारा गोळा करणारे मालक) आणि जमीनदारांची जंगलं होती. तिथे गावाला निस्तार मिळायचा, म्हणजे घरापुरतं लाकूड, बांबू आणि चराई. १९५१ मध्ये ही मालकी संपली आणि ती जंगलं सरकारजमा झाली. कागदावर निस्तार टिकला, पण हक्काची वस्तू हळूहळू परवानगीची झाली.

बांबूचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याने झाडाच्या व्याख्येत त्याला बसवलं. झाड म्हटलं की तोडायला आणि न्यायला वाहतूक परवाना आला. स्वातंत्र्यानंतर बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी याच जंगलातून बांबू मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला, आणि दोन-चार काठ्या डोक्यावर नेणारी बाई मात्र गुन्हेगार ठरू शकत होती. जंगलावर राहणाऱ्यांचे हक्क मानणाऱ्या २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला स्पष्टपणे गौण वनोपजात घातलं. एका कायद्यात झाड, दुसऱ्यात नाही, असा तिढा झाला.

हा तिढा धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाने सोडवायला लावला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा. गावचे नेते देवाजी तोफा, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकऱ्यांनी अनेक वर्षं अभ्यास मंडळं चालवून, सर्वसहमतीने निर्णय घेत ही वाट तयार केली होती. २००९ मध्ये गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा परवाना वनखात्याच्याच हातात राहिला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. एक साधं पुस्तक, पण बांबूचा भाव त्यानंतर गाव ठरवू लागलं. वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघायला मात्र २०१७ साल उजाडलं.

तेंदूचीही कहाणी याच वळणाची. गोंदिया-भंडाऱ्याकडे विडीचा धंदा वाढला तशी पानाला मागणी आली. १९६९ च्या कायद्याने महाराष्ट्रात या व्यापारावर सरकारचं नियंत्रण आलं. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याने आणि पुढे वनहक्काने ग्रामसभांना मालकी दिली, आणि अनेक ग्रामसभा आता स्वतः लिलाव करतात. मोहफुलांवरची बंधनं तर राज्याने २०२१ मध्ये उठवली, तोवर घरात साठवलेल्या फुलांनाही दारूच्या संशयाने पाहिलं जायचं.

हक्क हाती आला म्हणजे सगळं जंगल तोडून विकायचं, असं मात्र घडलं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. तिथल्या ग्रामसभेने सामूहिक हक्क मिळाल्यावर बांबूवर रोजगार उभा केला आणि तेंदूपानाची तोडणी बंद केली. चांगलं पान फुटावं म्हणून झुडपं छाटतात, जंगलाला आग लावतात, आणि पक्ष्यांच्या वाट्याची तेंदूची फळं जातात, हे त्यांनी मांडलं. हातचं उत्पन्न सोडायचा हा निर्णय कुठल्या खात्याच्या आदेशावरून नाही, गावच्या सभेत झाला.