मिठाला पाणी सुटतं, तेव्हा लॅपटॉपच्या पोटात काय होतं

मृगाच्या सरी सुरू झाल्या की मालवणात घरोघरी मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. आगोटीच्या तयारीत मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत भरायचं, हे आमच्या आजीला पक्कं ठाऊक होतं. लॅपटॉप घेताना मात्र आपण फक्त किंमत आणि प्रोसेसरचं नाव बघतो. इथली हवा कोणी विचारातच घेत नाही.

माझ्या भाचीचा लॅपटॉप वर्षभरातच बंद पडला. तो पडला नव्हता, त्यावर चहा सांडला नव्हता. दुरुस्ती करणाऱ्याने मागचं झाकण काढून भिंगातून दाखवलं, तर चार्जिंगच्या जागेजवळ बोर्डावर हिरवट खरपुडी धरली होती. “ह्यां मिठान खाल्लां,” तो म्हणाला. तेव्हापासून दुकानात काय बघायचं, याचा माझा क्रमच बदलला.

किनाऱ्यावर लाट फुटते तेव्हा फेसाचे बुडबुडे फुटून बारीक थेंब हवेत उडतात. ते सुकले की क्षाराचे अदृश्य कण उरतात आणि वाऱ्याबरोबर पडवीतून माजघरापर्यंत येतात. साध्या मिठाचा एक ठरलेला उंबरठा आहे: हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवा जेवढं बाष्प धरू शकते त्यातलं किती टक्के तिच्यात आहे ते, सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. म्हणजे आपल्याकडे जवळजवळ बारमास. बोर्डावर वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या शेजारशेजारच्या दोन वाटांमध्ये एक मिलिमीटरही अंतर नसतं. मधे खारी ओल आणि दोन्ही टोकांना व्होल्टेज, एवढं जमलं की एका वाटेवरचं तांबं आयनांच्या रूपाने सुटून दुसरीकडे सरकतं आणि तिथे नेच्याच्या पानासारखं फुटत वाढतं. याला डेन्ड्राइट म्हणतात. ते समोरच्या वाटेला टेकलं की शॉर्ट.

यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. रोज चालणारा लॅपटॉप कपाटात जपून ठेवलेल्यापेक्षा जास्त टिकतो. बाहेर २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता आहे असं धरा. तीच हवा लॅपटॉपच्या पोटात ४० अंशांपर्यंत तापली, तर तिची सापेक्ष आर्द्रता ४३ टक्क्यांवर येते. बाष्प तेवढंच असतं, पण गरम हवेची ते धरून ठेवायची ताकद वाढलेली असते. सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे नुसतं झाकण मिटून दिवसेंदिवस ठेवलेला लॅपटॉप: अंगात ऊब नाही, पण काही भागांत वीज खेळतेच आहे. काम संपलं की तो पूर्ण बंद करावा, हे मी सगळ्यांना सांगतो.

आता खरेदी. साधारण ३५-४० हजारांत घरचं काम म्हणजे ऑनलाइन अर्ज, हिशेबाच्या शीट, मुलांचा अभ्यास, व्हिडिओ कॉल. पंखा असलेला लॅपटॉप बाहेरची हवा, म्हणजे क्षारही, सतत आत ओढतो. इंटेलच्या एन१०० सारख्या ६ वॉटच्या प्रोसेसरवर चालणारे काही लॅपटॉप बिनपंख्याचे असतात. एवढ्या कामाला ते पुरतात आणि अगदी किनाऱ्यावरच्या घराला ते मला जास्त योग्य वाटतात. धातूच्या चकचकीत अंगासाठी जादा पैसे मोजू नयेत. ॲल्युमिनियमवरच्या संरक्षक थराला ओरखडा पडला की क्लोराइड तिथेच खोल खड्डे पाडतं. प्लास्टिकला ती भीती नाही.

प्रोसेसरच्या नावांवर जास्त भिस्त ठेवू नका. एएमडी कंपनीच्या ‘रायझन ५ ७५२०यू’ मधला पहिला ७ हा २०२३ सालचा क्रम सांगतो, पण आतली रचना तिसऱ्या आकड्यात असते. तिथे २ म्हणजे ‘झेन २’ नावाची रचना, जी मुळात २०१९ ची. ‘७५३०यू’ मध्ये तिथे ३ आहे, म्हणजे पुढची पिढी. दोघांवर ‘रायझन ५’ एकसारखंच छापलेलं असतं.

वेग जाणवतो तो साठवणीमुळे. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला एक बारीक फाइल शोधायला १० ते १५ मिलिसेकंद लागतात, एसएसडीला, म्हणजे फिरते भाग नसलेल्या चिपवरच्या साठवणीला, त्याचा शंभरावा हिस्सा. स्वस्तातले ६४ जीबी ईएमएमसीवाले (बोर्डालाच जोडलेली हळू साठवण) टाळाच. विंडोज ११ ची किमान गरजच तेवढी आहे. रॅम ४ जीबीवर विंडोज सुरू होते, पण जागा संपली की मजकूर सारखा साठवणीत नेऊन परत आणत बसते. ८ जीबी घ्या आणि पुढे वाढवायला खाच रिकामी आहे का, ते विचारा. बऱ्याच मॉडेलांत रॅम बोर्डालाच जोडलेली असते. पडदा आयपीएस, म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग न बिघडणारा असावा, बस्स.

बॅटरीचे ‘तास’ बघू नका, वॉट-तास, म्हणजे तिच्यात किती ऊर्जा मावते ते, बघा. साध्या कामाला ७ वॉट लागत असतील तर ४२ वॉट-तासांची बॅटरी ६ तास पुरते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, त्यानंतर श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात कित्येक गावांत दिवसेंदिवस लाईट नव्हती. टाइप-सीवर चार्ज होणारा लॅपटॉप अशा वेळी मोठ्या पॉवर बँकेवरही चालतो. वॉरंटी घेताना घरी येऊन दुरुस्तीची सोय तुमच्या पिनकोडला आहे का, हे लेखी विचारा. गंज बहुतेक वॉरंट्यांत धरत नाहीत.

भाचीने शेवटी बिनपंख्याचाच घेतला. पावसाळ्यात काम झाल्यावर तो थंड होऊ देते आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. तांदळाने ते काम होत नाही, तिने आधी तेच करून पाहिलं होतं. जेलचे निळे खडे ओल पिऊन गुलाबी झाले की ती स्वयंपाकातून कायमच्या काढलेल्या एका तव्यावर मंद आचेवर परतते, कारण त्या रंगात विषारी कोबाल्ट असतं. थोड्या वेळात खडे पुन्हा निळे होतात.